पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे



घाटकोपर आणि मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत, तिकडे अंधेरी-बोरिवलीच्या काही चाळींत मी बचत गटांचं काम बघते. बैठका लावणं, वह्या तपासणं, बँकेत खेपा घालणं आणि अधूनमधून भांडणं मिटवणं, असं ते काम. आजचा विषय मात्र कर्जाचा नाही आणि पापड-मसाल्याचाही नाही. सुट्टीत घरी मुलं येतात तेव्हा घरातली काडतुसं आणि बंदुकीची दारू कुठे ठेवायची, याबद्दल मी बोलणार आहे.

आता काही जणी म्हणतील, ताई, आमच्याकडे विळी आहे, कोयता आहे, काडतूस कुठून येणार? पुष्कळ घरांच्या बाबतीत ते खरंच आहे. आपल्या देशात बंदूक बाजारातून भाजीसारखी आणता येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना लागतो, त्याआधी पोलिसांची चौकशी होते. पण माझ्या गटांतल्या कितीतरी बायका रत्नागिरी, सिंधुदुर्ग नाहीतर रायगडच्या आहेत. त्यांच्या सासरी किंवा माहेरी, स्वतःच्या नाही तर चुलत्यांच्या घरात, शेतीसंरक्षणाची बंदूक असते. रात्री रानडुक्कर नाचणी आणि भात लोळवतो, माकडं नारळ-केळी संपवतात, आता तर गवेही बागेत उतरतात. त्यांना हुसकावायला ही बंदूक. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय त्याच १९५९ च्या कायद्यात करून ठेवलेली आहे. (शिकारीचा परवाना मात्र तो नव्हे. वन्यप्राण्यांचा १९७२ चा कायदा वेगळा आहे, तो विसरू नका.)

दुसरं घर आपल्या मुंबईतलंच. बँकेच्या दारात, दागिन्यांच्या पेढीसमोर खुर्ची टाकून बसलेला बंदूकवाला तुम्ही पाहिलाय ना? त्यांतले कितीतरी जण फौजेतून निवृत्त झालेले, आणि बऱ्याच जणांची बंदूक स्वतःच्या परवान्यावरची. पाळी संपली की ती त्यांच्याबरोबर घरी येते. घर कसलं, दहा बाय बाराची खोली. त्यात चार माणसं, एक कॉट, एक लोखंडी कपाट आणि शेजारच्या तीन घरांतली मुलं टीव्ही बघायला.

म्हणून हा विषय बायकांचा आहे. बंदूक पुरुषाच्या नावावर असते. ती राखणीला तोच नेतो आणि दसऱ्याला तिला गंध-फूलही तोच वाहतो. पण घर झाडायला घेतलं की काडतुसांची पिशवी उचलून दुसरीकडे कोण ठेवतं? आपण. ट्रंकेच्या तळाशी, गोधडीच्या घडीत, तांदळाच्या पिंपामागे, माळ्यावर. मुंबईहून नातवंडं, भाचरं आली की दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवायचं कामही आपलंच. आणि एवढं असून त्या पिशवीत काय आहे, किती आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आधी ते काय असतं ते बघू, म्हणजे भीती नेमकी कशाची बाळगायची ते कळेल.

ठासणीच्या बंदुकीला तीन गोष्टी लागतात. दारू, म्हणजे काळी भुकटी. शिशाचे छरे. आणि केप, म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. तिच्यावर ठोका बसला की ठिणगी पडते आणि दारू पेट घेते. मुलांच्या नजरेतून बघा. केप त्यांना दिवाळीच्या टिकल्यांसारखी दिसते. दारू म्हणजे फुसका निघालेला फटाका सोलून कागदावर काढतात तीच भुकटी, ती पेटवायची कशी हे आठ वर्षांच्या पोराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. छरे दिसायला मोहरीपासून मिरीएवढे, लहान बाळ ते तोंडात घालणारच. शिसं विषारी आहे. छरा गिळला असं नुसतं वाटलं तरी शौचावाटे पडेल म्हणून वाट बघायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. छऱ्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पिठाला हात लावू नका, हेही आताच सांगून ठेवते.

दुसरी ती काडतुसाची बंदूक. तिचं काडतूस म्हणजे बोटभर लांबीची नळी, बहुतेक वेळा प्लॅस्टिकची, लाल नाहीतर हिरवी, बुडाला पितळी टोपी. एवढं देखणं दुसरं काही गावच्या ट्रंकेत नसतं हो! त्या पितळी बुडाच्या मधोमध एक छोटी टिकली बसवलेली असते. बंदुकीत तिच्यावर सुई आदळते आणि बार उडतो. पण ठोका द्यायला बंदूकच हवी असं नाही. खिळा आणि दगड पुरतो. बंदुकीच्या नळीबाहेर फुटलेलं काडतूस लांबवर मारा करत नाही, हे खरं. पण नळी फाटते, पितळेचे तुकडे उडतात, आणि ज्याच्या हातात ते असतं त्याची बोटं आणि डोळे तिथेच असतात. "बंदूक कुलपात आहे ना, मग झालं," असं म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं. नुसती बंदूक कुलपात ठेवून भागत नाही.

आमच्या एका गटातली गोष्ट सांगते. वस्तीचं नाव सांगत नाही. मे महिन्याची सुट्टी संपवून एक ताई दोन मुलांना घेऊन गावाहून परतली. जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका दुपारी नळावर भांडी घासणाऱ्या बायकांना पलीकडे तीन पोरं उकिडवी बसलेली दिसली. एकाने लाल नळी दगडावर उभी धरलेली, दुसऱ्याच्या हातात खिळा, तिसरा वरवंट्याएवढा दगड घेऊन तयार. त्या बायकांतल्या एकीचा नवरा पहारेकरी, तिने ओळखलं. ती ओरडली नाही. "अरे, आधी खाऊ घ्या" म्हणून तिने पोरांना उठवलं आणि घरात नेलं. पोरगा सहा वर्षांचा. गावी आजोबांच्या पडवीत कोनाड्यात त्याला ती "पुंगळी" मिळाली होती. कंपासपेटीत घालून त्याने ती मुंबईला आणली, आणि महिनाभर ती त्याच्या दप्तरात शाळेत जात-येत होती. पोलिसांना फोन केला, ते येऊन घेऊन गेले. मग चौकशी. गावी आजोबांना परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जावं लागलं. तिथे विचारलं, तुमच्याकडे किती काडतुसं होती? आजोबांना आकडा सांगता येईना. आजीला तर काडतुसं कोनाड्यात आहेत हेच माहीत नव्हतं, ती समजत होती ट्रंकेत आहेत.

हाच पोरगा गाडीने न येता विमानाने आला असता तर? आता गोव्याला विमानं जातात, आपल्यातलेही काही जण जातात. अंधेरीच्या विमानतळावर पिशवीत काडतूस सापडलं आणि प्रवासी पोलीस ठाण्यात गेला, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बिचारे सांगतात, वडिलांची जुनी बॅग होती, आम्हाला माहीत नव्हतं. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं म्हणून न्यायालयाने गुन्हा रद्द केल्याची उदाहरणं आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं आणि वकिलाची फी भरलेली असते. म्हणून गावाहून निघताना मुलांची दप्तरं, खेळण्याच्या पिशव्या एकदा उलट्या करून झटका. शिंपले आणि गुंजा निघतील, निघू देत.

"आम्ही मुलांना बजावून ठेवलंय, हात लावायचा नाही." हे वाक्य मी फार वेळा ऐकते. बजावायला हवंच. पण त्यावर किती विसंबायचं? अमेरिकेत घराघरांत बंदुका, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी याचा अभ्यास केलाय. २००१ साली अटलांटा शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या टोळीने एका खोलीत बसवलं. खोलीतल्या खणात खरी बंदूक, अर्थात रिकामी. आरशामागून मोठी माणसं बघत होती. एकूण २९ टोळ्या. त्यांतल्या २१ टोळ्यांना थोड्याच वेळात बंदूक सापडली. १६ टोळ्यांनी ती हाताळली. १० टोळ्यांत कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांना ती सापडली त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना ती खरी की खेळण्यातली हेही कळलं नव्हतं. आणि हाताळणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून जास्त मुलांना बंदुकीला हात लावू नये हे आधी कोणीतरी शिकवलेलं होतं. ही मुलं उनाड नव्हती, चारचौघांच्या घरातली होती. आपली मुलं काही वेगळ्या मातीची नाहीत. उलट आपण तर दर दिवाळीला त्यांच्या हातात टिकल्यांचं पिस्तूल देतो आणि आजोबांवर रोखून ठो केलं की सगळे हसतो.

मग करायचं काय? २००५ साली त्याच देशात आणखी एक अभ्यास झाला. ज्या घरांत मुलांच्या हातून अपघात किंवा आत्मघात झाला ती घरं आणि ज्या घरांत बंदूक असून काही झालं नाही ती घरं, यांच्यात फरक काय, ते त्यांनी तपासलं. चार गोष्टी पुढे आल्या: बंदूक कुलपात होती, ती रिकामी होती, काडतुसं कुलपात होती, आणि ती बंदुकीपासून वेगळ्या जागी होती. चारांतली प्रत्येक गोष्ट धोका कमी करते, असं निघालं.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या गटाची पेटी आठवली. पहिल्या बैठकीत आपल्याला काय शिकवतात? पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी, आणि वही तिसरीकडे. पेटी जिच्याकडे आहे तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. एकाच हातात तिन्ही आली की चूक व्हायला एक क्षण पुरतो, म्हणून. घरातल्या बंदुकीला हीच रीत लावा.

बंदूक एका कुलपात. काडतुसं, दारू, केपा दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात. बंदुकीच्याच कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली तर ते एकच कुलूप झालं. गावच्या घरात जागा असते. ओटीवर बंदूक आणि आतल्या खोलीत पत्र्याची कुलूपवाली पेटी, असं जमतं. मुंबईच्या खोलीत अवघड आहे, मी मान्य करते. तिथे लोखंडी कपाटाच्या आतल्या तिजोरीच्या कप्प्यात काडतुसं, आणि बंदूक साखळीने भिंतीच्या कड्याला बांधून, चापाला कुलूप. चापाला लावायचं कुलूप शस्त्रांच्या दुकानात चौकशी केली तर मिळतं. शे-दोनशे रुपयांच्या साध्या कुलपाची पेटीही "गोधडीखाली"पेक्षा शंभरपट बरी.

किल्लीचं बघा. आपल्याकडे घरातल्या सगळ्या किल्ल्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला! नातू पहिल्याच दिवशी तो खिळा हेरतो. काडतुसांच्या पेटीची किल्ली परवानाधारकाच्या करगोट्याला, जानव्याला, पाकिटात, कुठेही, पण त्याच्या अंगावर हवी. दुसरी किल्ली असेल तर ती घरातल्या एकाच मोठ्या बाईकडे आणि तिच्याही अंगावर.

उंचावर ठेवणं म्हणजे लपवणं नव्हे. माळ्यावर आहे, पोरांचा हात पोचत नाही, असं म्हणतात. पोरं फणसावर चढतात, माळा तो काय!

दारूच्या बाबतीत आणखी एक. पावसाळ्यात ती सादळू नये म्हणून काही घरांत ती चुलीच्या वरच्या फळीवर ठेवतात. हे लगेच बंद करा. चूल, गॅसची शेगडी, देवाचा दिवा, विजेचा फळा, यांच्या जवळपासही ती नको. ज्या डब्यातून विकत आणली त्याच डब्यात ठेवायची, वर ठळक अक्षरांत लिहून. बिस्किटाच्या नाहीतर लाडवांच्या डब्यात तर नाहीच. रिकामा दिसला म्हणून कोणीतरी त्यातच रवा ओतेल, किंवा लाडू शोधायला पोर डबा उघडेल. जास्त साठाही नको. राखणीला जेवढी लागते तेवढीच आणायची.

आता सगळ्यात धोक्याची वेळ सांगते, ती म्हणजे पहाट. माणूस रात्रभर राखण करून दमून येतो. डुक्कर आलाच नाही, म्हणून बंदूक ठासलेली ती ठासलेलीच. ती तशीच पडवीच्या कोपऱ्यात टेकवतो आणि आडवा होतो. सहा वाजता मुलं उठतात. त्यामुळे घराचा नियम हवा की ठासलेली बंदूक उंबरठ्याच्या आत येणार नाही. ती रिकामी कशी करायची ते ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने आणि अंगणाबाहेरच करायचं. आपण बायकांनी "मी बघते" म्हणून हात घालायचा नाही. पण विचारायचं मात्र रोज. चहा देताना एवढंच म्हणा, "रिकामी केली ना?" पहिले चार दिवस तो चिडेल. पाचव्या दिवशी आपणहून सांगेल. माझ्या एका मामींनी हे करून दाखवलंय, आणि मामा तर त्यांच्या आवाजाने दचकणारे नव्हेत.

दसऱ्याला शस्त्रपूजन असतं. पूजा बंदुकीची करा, रिकाम्या. पाटावर काडतुसं मांडायचं कारण नाही. लग्नात हौसेने बार काढणाऱ्यांसाठी तर २०१९ साली कायद्यात वेगळी तरतूद झाली. निष्काळजीपणे असा गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणूक आली की आणखी एक गंमत होते. बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. बंदूक जाते आणि घरात सगळे निर्धास्त होतात. काडतुसं आणि दारू मात्र मागे राहिलेली मी पाहिली आहे. नेमकं त्या काळात कुलूपही कोणी लावत नाही, कारण "बंदूक नाहीये ना घरात." खिळा आणि दगड कुठे जमा केलेत?

आणि वही. गटात आपण दहा रुपयांचा हिशोब ठेवतो. काडतुसं किती हे मात्र ठाऊक नाही, असं कसं चालेल? परवान्यावर किती काडतुसं घेता येतील त्याची मर्यादा लिहिलेली असते, आणि दुकानदार विकत दिलेल्याची नोंद करतो. तोच आकडा एका चिठ्ठीवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. वापरलं की खोडून नवा आकडा. मुलं यायच्या आदल्या दिवशी मोजायचं आणि गेल्याच्या दिवशी मोजायचं. एक जरी कमी भरलं तरी लगेच कळेल, महिन्याने शाळेच्या दप्तरात नाही.

आता एक नाजूक प्रश्न. हे सासरी विचारायचं कसं? मुंबईची सून मुलांना घेऊन चार दिवस आली आणि आल्या आल्या म्हणाली, तुमची बंदूक कुठे आहे, तर पहिल्याच जेवणाला वाकडं येणार. "इतकी वर्षं आम्ही मुलं वाढवली नाहीत का?" हे ऐकावं लागणार. आमच्या बैठकीत यावर तासभर बोलणं झालं. कोणी म्हणे नवऱ्याने विचारावं, कोणी म्हणे नवरे विचारत नसतात. शेवटी एका ताईने जे सांगितलं ते मला पटलं. ती निघायच्या आठवडाभर आधी फोन करते आणि सगळं एका दमात विचारते. "आई, धाकटा आता फार उद्योगी झालाय, त्याला आवरताना माझी तारांबळ उडते. विहिरीवर जाळी टाकलीय ना? फवारणीचं औषध कुठे असतं? आणि भाऊजींना सांगाल का, काडतुसं तेवढी कुलपात ठेवा म्हणावं." दोष पोराच्या अंगावर, मागणी तीन गोष्टींत मिसळलेली. सासूबाईंनाही ते आपलंच काम वाटतं.

आणि गावाकडच्या मैत्रिणींनो, तुम्ही त्यापुढे एक पाऊल जा. तिने विचारायची वाटच बघू नका. फोनवर आंबे पिकले का हे सांगता सांगता म्हणा, "बंदुकीचं सगळं कुलपात घातलंय बरं का, निवांत या." त्या मुलीला किती हलकं वाटेल! आणि फक्त आपल्याच घराचं बघून पुरत नाही. मुलं दुपारी आपल्या घरी असतातच कुठे? चुलत्यांकडे, शेजारच्या वाडीत. जिथे जिथे बंदूक आहे ती घरं गटातल्या बायकांना माहीत असतात.

आता ज्या घरांत बंदूक आहे आणि धनी नाही, त्यांच्यासाठी. सासरे गेले. दिवसकार्य झालं, सातबाऱ्यावर वारस लागले. पण ट्रंकेतली बंदूक आणि काडतुसं तशीच. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. माणूस गेला की ती वस्तू तशी घरात ठेवणं बेकायदेशीर होतं. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा करायची असते. मुदत संपलेल्या परवान्यालाही हेच लागू. २०१९ पासून परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली आहे, तारीख बघून ठेवा. जमा केली म्हणजे हातची गेली असं नाही. घरातल्या कोणाला ती हवी असेल तर त्याने आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मुंबईत पोलीस आयुक्तांकडे. ज्याच्या नावावर परवाना आहे तो नोकरीला मुंबईत आणि बंदूक गावी म्हातारीच्या ताब्यात, अशी घरंही आहेत. त्यांनीही ती पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे सांभाळायला ठेवता येते का ते विचारावं. म्हातारीच्या डोक्याचा ताप जाईल.

ट्रंकेत हिरवट गंज चढलेली, फुगलेली जुनी काडतुसं निघतात. ती उन्हात वाळवायची नाहीत, सुरीने उघडायची नाहीत, विहिरीत किंवा कचऱ्यात टाकायची नाहीत. आणि पिशवीत घालून एसटीने तालुक्याला न्यायचीही नाहीत, कारण तुमच्या नावावर परवाना नाही. खोली बंद करा, मुलांना बाहेर काढा, पोलीस ठाण्यात फोन करून सांगा की अमुक माणूस वारला, त्याच्या सामानात हे निघालं, काय करायचं. आपणहून सांगितलेलं बरं पडतं. पुढे कोणा पोराच्या हातात सापडलं तर उत्तर देणं अवघड होतं.

एक वेगळी वस्तूही सांगायला हवी. डुकरासाठी रानात टाकतात तो गावठी बॉम्ब. हा कुठल्याच परवान्यात बसत नाही, सरळसरळ गुन्हा आहे. पण अजून टाकतात. तो गोळ्यासारखा, खाण्याची वस्तू वाटावी असा असतो, आणि दाबला किंवा चावला की फुटतो. गाईगुरांचे जबडे त्याने फाटलेत, कुत्री मेलीत. मुंबईच्या मुलांना रानात करवंदं काढायला पाठवताना, जमिनीवर पडलेलं काहीही उचलायचं नाही, हे सांगाच. दिसला तर लांब राहायचं आणि पोलिसांना किंवा वनखात्याला कळवायचं.

मुलांना शिकवायचं ते थोडक्यात. दिसलं तर थांब. हात लावू नको. तिथून निघ. मोठ्या माणसाला सांग. आणि सांगायला आलेल्या मुलाला पहिल्यांदा शाबासकी द्या, "तू तिथे गेलासच का" हे नंतर विचारा. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, कंपासपेटीत घालेल.

आमच्या गटांनी एप्रिलच्या बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ वाढवली आहे. सुट्टीला गावी जाणाऱ्या प्रत्येकीने निघण्याआधी फोन केला का, आणि काय उत्तर मिळालं. पहिल्या वर्षी अठरा जणींपैकी सात जणींनी केला. दोघींच्या घरी तोपर्यंत कुलूप नव्हतं, ते आलं. एकीला उत्तर मिळालं, "तुझं काय काम?" तिने यंदा पुन्हा करायचं ठरवलंय, आणि या वेळी फोन नणंदेला करणार आहे. तुमच्या गटाची सुट्टीआधीची बैठक कधी आहे ते बघा आणि विषय घ्या. काही विपरीत घडलं तर पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, हे दोन्ही आकडे पेटीच्या झाकणावरच्या त्या चिठ्ठीखाली लिहून ठेवा.